दुसऱ्यांदा पिळलेली वाफ

माझ्या टेबलाच्या काचेखाली मालगाडीच्या एका इंजिनाचे कृष्णधवल छायाचित्र आहे. आठ चाकांचे, बुटके, काळे इंजिन. अंगकाठीच्या मानाने किरकोळ वाटावा असा बॉयलर. आणि धुराड्याच्या खाली, स्मोकबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरपुढच्या धुराच्या पेटीच्या पुढ्यात, एक उतरते लोखंडी झाकण. बंद केलेल्या पियानोचे झाकण दिसावे तसे ते दिसते, आणि त्यावरूनच इंग्लंडातल्या रेल्वेवाल्यांनी या इंजिनांना ‘पियानो फ्रंट’ हे नाव पाडले. कंपनीच्या दफ्तरात मात्र त्यांचे नाव नुसते ‘बी’ वर्ग असे होते. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने क्रू या गावच्या आपल्या कारखान्यात १९०१ ते १९०४ या चार वर्षांत अशी १७० इंजिने बांधली. ती सगळी कंपाउंड होती, म्हणजे एकदा काम करून थकलेल्या वाफेला धुराड्यातून सोडून देण्याआधी आणखी एकदा कामाला जुंपणारी.

कंपाउंड हा शब्द आपल्याकडे तीन वेगवेगळ्या दारांनी घरात आला आहे. बंगल्याभोवतीची भिंत म्हणजे कंपाउंड, डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधणारा तो कंपाउंडर, आणि बँकेतले चक्रवाढ व्याज म्हणजे कंपाउंड इंटरेस्ट. माझ्या घरी हा शब्द चौथ्या दाराने आला. साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये माझी नोकरी झाली, आणि तिथे ज्याला आम्ही ‘क्वाड’ म्हणायचो त्या बाष्पीभवन संचाशी आयुष्यभराची गाठ पडली. क्वाडमध्ये चार बॉडी, म्हणजे रस उकळण्याची बंद भांडी, एकापुढे एक उभ्या असतात. पहिल्या बॉडीतला रस वाफेवर उकळतो, त्या रसाची वाफ दुसऱ्या बॉडीतल्या रसाला उकळते, दुसरीची तिसरीला, तिसरीची चौथीला. शेवटी वाफ थंड करून तिचे पाणी करणारा कंडेन्सर असतो; तो निर्वात तयार करतो म्हणूनच चौथ्या बॉडीतला रस निम्म्या-अर्ध्या तापमानालाही खळखळतो. एकच वाफ चार वेळा राबवून घेण्याची ही युक्ती रोज पाहणाऱ्या माणसाला, वाफ दोनदा वापरणारे इंजिन पहिल्यांदा वाचनात आल्यावर जवळचे वाटले तर नवल नाही. ज्यांनी क्वाड पाहिलेला नाही त्यांनी रसवंतीगृह आठवावे. चरकातून एकदा गेलेला ऊस रसवाला टाकून देत नाही. चिपाडाला मधोमध घडी घालून, आत लिंबाची फोड आणि आल्याचा तुकडा ठेवून पुन्हा चरकात सारतो. दुसऱ्या फेरीत रस निघतोच, पण पहिल्याहून कमी निघतो आणि चाक फिरवायला जोर तेवढाच लागतो. ‘बी’ वर्गाच्या इंजिनांची सगळी कथा या हिशेबात बसते.

वाफेच्या बाजूने हा हिशेब असा आहे. बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्याला ढकलत पसरते आणि पसरताना थंड होते. तिच्याबरोबर सिलिंडरची बिडाची भिंतही थंड होते. पुढच्या खेपेला नवी, गरम वाफ आत आली की तिचा काही भाग या गार भिंतीला लागून पाणी होऊन बसतो आणि तेवढा कोळसा फुकट जातो. दाब जितका वाढवावा आणि वाफेला जितके पसरू द्यावे तितका हा तोटा वाढतो. मग पसरण्याचे काम दोन सिलिंडरांत वाटून द्यावे: लहान सिलिंडरने उच्च दाबाची वाफ घ्यावी, ती अर्धवट पसरू द्यावी आणि उरलेले पसरणे मोठ्या, कमी दाबाच्या सिलिंडरकडे सोपवावे. तापमानाची घसरण दोन पायऱ्यांत विभागली जाते आणि भिंतींवरचे पाणी कमी होते. जहाजांवर ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाली, लँकेशायरच्या आणि मुंबईच्या कापड गिरण्यांतही ती रुळली. रेल्वेवर ती फ्रान्समध्ये अनातोल मॅले यांनी १८७६ साली बायोन-बिआरित्झ या छोट्या मार्गावर प्रथम नीट चालवून दाखवली.

मात्र जहाजाला आणि गिरणीला कंडेन्सर असतो, रेल्वेच्या इंजिनाला नसतो. त्याची वाफ शेवटी उघड्या हवेत जाते, आणि जाता जाता तिला धुराड्यातून जोराने फुंकर घालून भट्टीत वारा खेचावा लागतो; ती फुंकर नसेल तर आग धगधगत नाही. म्हणजे वाफेत काही दम राखूनच तिला सोडावे लागते. क्वाडच्या भाषेत सांगायचे तर, निर्वाताची सोय नसलेल्या संचात दुसरी बॉडी बसवण्याचा हा खटाटोप होता. फायदा होताच, पण जहाजाएवढा तो कधीच होणार नव्हता, आणि हे उमगायला क्रूच्या साहेबांना फार वेळ लागला.

क्रूचे साहेब म्हणजे फ्रान्सिस विल्यम वेब. स्टॅफर्डशायरमधल्या टिक्सल या खेड्यातल्या धर्मगुरूंचा हा मुलगा १८३६ मध्ये जन्मला, पंधराव्या वर्षी क्रूच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला आणि १८७१ मध्ये त्याच कारखान्याचा प्रमुख होऊन १९०३ पर्यंत त्या जागी राहिला. बत्तीस वर्षे! क्रू हे गावच रेल्वेने वसवलेले. १८४३ मध्ये कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती गाव वाढले. वेब यांच्या अमदानीत हा कारखाना स्वतःचे पोलाद स्वतः ओतत होता, रूळ लाटत होता, आणि अपघातात हातपाय गमावलेल्या कामगारांसाठी लाकडी अवयवसुद्धा तिथेच घडत होते. १८७८ मध्ये या कारखान्याने एक संपूर्ण मालवाहू इंजिन साडेपंचवीस तासांत उभे करून दाखवले होते. वेब गावचे महापौरही झाले. लग्न त्यांनी केले नाही. आपल्या पैशातला मोठा वाटा अनाथालयासाठी ठेवून ते १९०६ मध्ये गेले. हुशार, काटकसरी, कडक आणि कोणाचे न ऐकणारा असा हा गृहस्थ होता. काटकसर हा त्यांचा स्थायीभाव होता असे म्हणायला हरकत नाही, आणि काटकसरी माणसाला कंपाउंडची भूल पडली नाही तरच आश्चर्य.

१८८२ मध्ये त्यांनी ‘एक्सपेरिमेंट’ नावाचे तीन सिलिंडरांचे प्रवासी इंजिन बांधले. बाहेर दोन लहान उच्च दाबाचे सिलिंडर, मधोमध एक अजस्र कमी दाबाचा. बाहेरचे दोन एका आसाला फिरवत, मधला दुसऱ्या आसाला, आणि या दोन आसांची चाके एकमेकांना दांड्यांनी जोडलेलीच नव्हती. वेब यांना वाटे, जोडदांडे गेले की घर्षण गेले. पुढच्या काही मालिकांत मधल्या सिलिंडरच्या झडपेसाठी सैल एक्सेंट्रिक (आसावर बसून झडप हलवणारी चकती) बसवले गेले, म्हणजे इंजिन ज्या दिशेला शेवटचे चालले असेल त्या दिशेला ते आपोआप लागून राहायचे. इथे घोटाळा होता. इंजिन मागे येऊन गाडीला जोडले जाई, तेव्हा एक्सेंट्रिक मागच्या दिशेला लागलेले असे. आता ड्रायव्हरने पुढे जाण्यासाठी वाफ सोडली आणि मागची चाके जागच्या जागी घसरली, तर त्या चाकांच्या सिलिंडरांतून निघालेली वाफ मधल्या सिलिंडरमध्ये शिरून त्याला उलट्या दिशेने फिरवू लागे. एक जोडी चाके पुढे, दुसरी मागे, आणि गाडी जागेवर! इंग्लंडमधल्या रेल्वेप्रेमींनी हे दृश्य इतक्या वेळा सांगितले आहे की वेब म्हटले की लोकांना तेवढेच आठवते.

मला मात्र त्यांची मालवाहू इंजिने अधिक विचार करण्याजोगी वाटतात, कारण तिथे त्यांनी जोडदांडे नकोत हा हट्ट सोडला. १८९२ मध्ये त्यांनी ०-८-० रचनेचे, म्हणजे पुढेमागे टेकूची चाके नसलेले आणि आठही चाके जोडलेले, एक साधे, म्हणजे वाफ एकदाच वापरणारे, इंजिन बांधले आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच अंगाचे तीन सिलिंडरांचे कंपाउंड इंजिन काढले. दोघांच्या चाचण्या झाल्या, कोळशाच्या हिशेबात कंपाउंड सरस ठरले आणि वेब यांनी त्या पद्धतीची १११ इंजिने बांधली. हा ‘ए’ वर्ग. बाहेरचे दोन सिलिंडर १५ इंच व्यासाचे, मधला ३० इंचांचा, आणि तिन्हींचा जोर एकाच, दुसऱ्या आसावर. आठही चाके एकत्र बांधलेली असल्यामुळे उलटसुलट फिरण्याचा प्रश्नच उरला नाही. या इंजिनांचा आवाज कसा असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. साध्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाच्या धुराड्यातून चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार निघतात. इथे धुराड्याकडे जाणारी वाफ फक्त मधल्या सिलिंडरची, म्हणजे फेऱ्याला दोनच. साठेक वाघिणींच्या पुढे, पाच फुटांहूनही लहान चाकांवर, निम्म्या तालात चाललेले हे धूड लांबून ऐकणाऱ्याला दमलेल्या माणसाच्या श्वासासारखे वाटत असावे.

त्यानंतर ‘बी’ वर्ग आला. तीनऐवजी चार सिलिंडर, सगळे एका रांगेत, सगळे दुसऱ्याच आसाला फिरवणारे. बाहेरचे दोन उच्च दाबाचे, १५ इंचांचे. आतले दोन कमी दाबाचे, साडेवीस इंचांचे. दट्ट्याची धाव २४ इंच, बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला २०० पौंड, चाकांचा व्यास ४ फूट ५॥ इंच. एका बाजूच्या आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांच्या झडपा एकाच यंत्रणेवर चालत. आतली झडप ती थेट हलवी आणि बाहेरची तरफेमार्फत. चार सिलिंडरांना चार यंत्रणा लागल्या असत्या, त्या दोनांत भागवल्या. हीसुद्धा काटकसरच.

या आकड्यांवर मी एका पावसाळ्यात, वहीत, जुन्या सवयीने त्रैराशिक मांडून बसलो. कंपाउंड इंजिनात सगळे काही दोन सिलिंडरांच्या आकारमानाच्या प्रमाणावर अवलंबून असते: कमी दाबाचा सिलिंडर पुरेसा मोठा नसेल तर वाफेला पसरायला जागाच मिळत नाही. ‘ए’ वर्गात हे प्रमाण बरोबर दुप्पट येते. तीसचा वर्ग नऊशे, पंधराच्या वर्गाची दुप्पट साडेचारशे. ‘बी’ वर्गात साडेवीस आणि पंधरा घेतले तर ते १.८७ वर येते. म्हणजे सिलिंडर वाढला, यंत्र गुंतागुंतीचे झाले, आणि पसरण्याची जागा उलट कमी झाली! त्याच सुमारास फ्रान्समध्ये आल्फ्रेड द ग्लेन यांच्या पद्धतीची इंजिने धावत होती. तिथेही कमी दाबाचे दोन सिलिंडर चौकटीच्या आतच असत आणि रुळांतले अंतरही तेच, ४ फूट ८॥ इंच. आत जागा मर्यादित, म्हणून त्यांनी कमी दाबाचे सिलिंडर २२ इंचांच्या आसपास ठेवले आणि उच्च दाबाचेच आखडून साडेतेरा इंचांच्याही आत आणले. प्रमाण अडीचपटीच्या पुढे गेले. लहान सिलिंडरची कसर त्यांनी वाढीव दाबाने भरून काढली. शिवाय फ्रेंच ड्रायव्हरच्या हाती दोन्ही सिलिंडरांच्या झडपांचे स्वतंत्र नियंत्रण होते. चढ कसा आहे, गाडी किती आहे, त्याप्रमाणे तो काम दोघांत वाटून देई. क्रूच्या ड्रायव्हरला एकच दांडा होता आणि वाटणी कारखान्यातच ठरलेली होती.

इथे मला वेब यांच्यावर राग येतो, आणि तो यंत्रासाठी नाही. पाकक्रियेत ज्याला हातचा अंदाज म्हणतात तो आमच्या पॅनवरच्या साखर शिजवणाऱ्याला असतो, तसाच तो इंजिन ड्रायव्हरलाही असतो. काटकसर करायची तर ती त्याच्या हातून होते. ज्याने यंत्रावर रोज बारा तास काढायचे त्याच्या हातातला निर्णय काढून घेतला, तर कागदावर वाचलेला कोळसा भट्टीत परत जातो.

तरीही ‘बी’ वर्ग फसला असे मी म्हणणार नाही. मालगाड्यांचा त्या काळचा धंदा समजून घेतला तर या इंजिनांची गैरसोय थोडी सौम्य वाटू लागते. ब्रिटनमधल्या कोळशाच्या वाघिणी प्रामुख्याने दहा टनी, बऱ्याचशा खाणवाल्यांच्या किंवा कोळसा व्यापाऱ्यांच्या मालकीच्या, आणि त्यांना इंजिनातून लावता येतील असे ब्रेक नसत. वाघिणी एकमेकींना तीन कड्यांच्या साखळीने ढिल्या जोडलेल्या. ड्रायव्हर आधी गाडी किंचित मागे रेटून साखळ्या सैल करी, मग अगदी हळू पुढे निघे. एक साखळी ताणली जाई, तिचा खण्‌ आवाज होई, मग दुसरी, मग तिसरी, आणि तो आवाज गाडीभर मागे मागे पळत शेवटच्या गार्डाच्या डब्यापर्यंत जाई. घाई केली तर साखळी तुटे. कंपाउंड इंजिनाला सुरुवातीला खरी अडचण हीच असते की पहिल्या काही क्षणांत फक्त लहान सिलिंडरांनाच वाफ मिळते; त्यांतून ती बाहेर पडून मोठ्यांपर्यंत पोहोचेपर्यंत जोर अर्धाच असतो. प्रवासी गाडीपुढे ही अडचण नामुष्की ठरते, कारण फलाटावर लोक घड्याळ काढून उभे असतात. ढिल्या साखळ्यांच्या मालगाडीपुढे मात्र वजन एकेका वाघिणीने, हप्त्याहप्त्याने येते, आणि तोवर मोठे सिलिंडर जागे होतात. ही माझी स्वतःची समजूत आहे, पण वेब यांची प्रवासी कंपाउंड इंजिने त्यांच्यामागे भराभर भंगारात गेली आणि मालवाहू मात्र कितीतरी वर्षे टिकली, याचे एक कारण मला यात दिसते.

दुसरे कारण सरळ पैशाचे होते. १९०३ मध्ये वेब निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी जॉर्ज व्हेल आले. व्हेल हे त्याआधी सगळ्या मार्गावरच्या इंजिनांच्या चालवणुकीचे प्रमुख होते. इंजिन बांधणारा आणि इंजिन रोज सकाळी गाडीला जोडून देणारा यांच्या दृष्टीत फार फरक असतो, हे कुठल्याही कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. कोणते इंजिन शेडमध्ये किती दिवस पडून राहते, कोणत्या ड्रायव्हरची कोणती तक्रार येते, कुठे दोन इंजिने जोडावी लागतात, हे व्हेल यांच्या टेबलावर वर्षानुवर्षे येत होते. त्यांनी पुढच्याच वर्षी प्रवासी गाड्यांसाठी साध्या, दोन सिलिंडरांच्या ‘प्रिकर्सर’ इंजिनांचा धडाका लावला. पण चांगल्या स्थितीतली, जेमतेम दोनतीन वर्षे वयाची ‘बी’ वर्गाची इंजिने मोडीत काढणे कंपनीच्या भागधारकांना परवडण्यासारखे नव्हते. त्यामुळे डागडुजी सुरू झाली. चार सिलिंडर पुढच्या टोकाला एकत्र आल्याने इंजिनाचे नाक जड झाले होते आणि पहिल्या जोडीच्या चाकांवर बोजा पडत होता, म्हणून तीन डझनांच्या आसपास इंजिनांना पुढे टेकूच्या लहान चाकांची एक जोडी लावली आणि ती २-८-० झाली. त्यांना ‘ई’ आणि ‘एफ’ अशी नवी अक्षरे मिळाली. ‘ए’ वर्गाचे तर मधले मोठे सिलिंडर काढून टाकून सगळेच्या सगळे १११ हळूहळू साध्या दोन सिलिंडरांवर आणले गेले. वेब त्या वेळी निवृत्त होऊन बोर्नमथला राहत होते. हे सगळे त्यांच्या कानी जात होते का, आणि जात असेल तर ते काय म्हणत होते, या विचाराने मी एकदोनदा अस्वस्थ झालो आहे.

कंपाउंडला खरा धक्का मात्र व्हेल यांनी दिला नाही. तो दोन बाजूंनी आला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या जॉर्ज चर्चवर्ड यांनी १९०३ मध्ये स्विंडनला ब्रिटनमधले पहिले २-८-० इंजिन बांधले. दोनच सिलिंडर, पण झडपांची धाव लांब, वाफेच्या वाटा मोकळ्या आणि दाब २०० पौंड. त्याच वर्षी त्यांनी ‘ला फ्रान्स’ हे द ग्लेन पद्धतीचे इंजिन फ्रान्सहून मागवले, आपल्या रुळांवर पळवून पाहिले आणि त्यातले जे घेण्यासारखे होते ते घेतले. कंपाउंडपणा मात्र त्यांनी घेतला नाही. झडपा नीट केल्या तर एकाच सिलिंडरमध्ये वाफेला बरेच पसरू देता येते, असे त्यांच्या लक्षात आले होते. दुसरी बाजू जर्मनीची. विल्हेल्म श्मिट यांचा सुपरहीटर बॉयलरमधून निघालेल्या वाफेला पुन्हा नळ्यांतून फिरवून इतकी तापवी की गार भिंतीला लागूनही तिचे पाणी होत नसे. ज्या रोगावर कंपाउंड हे औषध होते तो रोगच गेला. दोन जादा सिलिंडर, त्यांचे दट्टे, त्यांचे दांडे, त्यांचे वंगण आणि त्यांची दुरुस्ती सांभाळण्याऐवजी काही नळ्या सांभाळणे सोपे होते. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या जॉर्ज ह्यूज यांनीही १९०६-०७ मध्ये हॉर्विचला चार सिलिंडरांची मोजकी ०-८-० कंपाउंड इंजिने बांधली, पण ती तेवढ्यावरच थांबली. ब्रिटनमध्ये कंपाउंड टिकली ती मिडलँड रेल्वेची प्रवासी इंजिने. त्यांच्या रेग्युलेटरमध्येच, म्हणजे बॉयलरमधून वाफ सोडणाऱ्या झडपेतच, अशी सोय होती की गाडी हलवताना कमी दाबाच्या सिलिंडरलाही बॉयलरची थेट वाफ मिळे आणि पुढे दांडा सरकवला की कंपाउंड काम आपोआप सुरू होई.

त्यात ब्रिटनमध्ये कोळसा स्वस्त. फ्रान्सला तो महाग पडे, तिथे टक्काभर बचतीसाठीही ड्रायव्हरला प्रशिक्षण देणे परवडे. दक्षिण वेल्समधल्या खाणींतून कोळसाच वाहून आणणाऱ्या इंजिनाने कोळसा वाचवावा, यात एक गंमत आहे. हलवायाच्या दुकानातल्या पोऱ्याने साखर मोजून खावी तसे ते.

क्रूमध्ये १९१० नंतर चार्ल्स बोवेन कुक यांनी मोठा बॉयलर आणि दोन साधे सिलिंडर असलेले ‘जी’ वर्ग आणि १९१२ पासून सुपरहीटर लावलेले ‘जी-१’ वर्ग सुरू केले आणि ‘बी’ वर्गातली इंजिने एकेक करून त्या साच्यात बसवली जाऊ लागली. पियानोचे झाकण निघाले, मोठा बॉयलर चढला, सिलिंडर चारचे दोन झाले. १९२३ मध्ये कंपन्यांचे एकत्रीकरण झाल्यावर लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेकडे काही इंजिने अजून मूळ कंपाउंड अवस्थेतच आली आणि तिनेही बदलाचे काम चालू ठेवले. अशा रीतीने वेब यांच्या कंपाउंड इंजिनांच्या चौकटी, अंगावर दुसऱ्यांचे अवयव घेऊन, १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही कोळसा ओढत राहिल्या. या कुटुंबातली शेवटची इंजिने डिसेंबर १९६४ मध्ये थांबली. याच कुटुंबातले एक, १९२१ मध्ये बांधलेले ‘जी-२’ वर्गाचे ४९३९५ क्रमांकाचे, ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहात जपलेले आहे. ते जन्मतःच साधे. कंपाउंड ‘बी’ वर्गातले एकही आज शिल्लक नाही. माझ्या काचेखालच्या छायाचित्रासारख्या छायाचित्रांपुरतीच ती उरली आहेत.

आपल्याकडेही वेब यांची सावली पडली होती. अवध अँड रोहिलखंड रेल्वेने १८८० च्या दशकात त्यांच्या पद्धतीचे तीन सिलिंडरांचे एक इंजिन मागवून पाहिले होते. लाहोरच्या कारखान्यात चार्ल्स सँडिफर्ड यांनी स्वतःचे वेगळे कंपाउंड प्रयोग केले. त्यांतून पुढे काही मोठे उभे राहिले नाही, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय ब्रॉडगेजसाठी जी प्रमाणित इंजिने ठरली त्यांतले मालगाड्यांचे २-८-० साधेच, दोन सिलिंडरांचे होते.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी उटीला जाताना मला जे ऐकायला मिळाले त्याची मी कल्पना केली नव्हती. मेट्टुपालयमहून निघणारी निलगिरीची मीटरगेज गाडी कुन्नूरपर्यंत स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुर पद्धतीच्या ‘एक्स’ वर्गाच्या इंजिनांवर चालते आणि ती चक्क चार सिलिंडरांची कंपाउंड इंजिने आहेत. उच्च दाबाचे दोन सिलिंडर रुळावरची चाके फिरवतात आणि त्यांच्या वर बसवलेले कमी दाबाचे दोन सिलिंडर मधल्या दातेरी पट्टीत अडकणारी चाके फिरवतात. सपाटीवर खालचे दोनच काम करतात. कल्लारच्या पुढे एकास बाराचा चढ लागतो. तिथे गाडी मंदावते, दातेरी चाक पट्टीत गुंतते, आणि ड्रायव्हर एकदा वापरलेली वाफ वरच्या सिलिंडरांकडे वळवतो. मी मागच्या, इंजिनाला खेटून असलेल्या डब्यात मुद्दाम बसलो होतो. वर आणि खाली दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे आहेत, हे मला वाचून ठाऊक होते, आणि म्हणूनच माझ्या वहीतला तो १.८७ चा आकडा मला छळत होता: सिलिंडर सारखेच, तर वाफ पसरणार कुठे? उत्तर दातांत होते. वरचे दट्टे दंतचक्रांमधून जोडलेले असल्याने खालच्यांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धावतात. जागा आकाराने वाढवता आली नाही, ती वेगाने वाढवली.

कल्लार मागे पडले आणि गाडी माणूस धावून गाठू शकेल इतकी हळू झाली. डाव्या हाताला सुपारीची झाडे एकेक करून मागे जात होती. तेवढ्यात इंजिनाचा श्वास बदलला. गाडी मंदावली असूनही फुत्कार एकदम भरभर येऊ लागले, आधीपेक्षा मऊ, आणि जवळजवळ दुप्पट. समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी घाबरून नवऱ्याकडे पाहिले. मी मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ धरले आणि कुन्नूर येईपर्यंत ठोके मोजत बसलो.